गाडगेबाबांनी धर्मशाळा दवाखान्याजवळ आणली

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून डेबूजींनी गोडाचे जेवण दिले. १९०५ मध्ये घर सोडले आणि लोकांनी त्यांना गाडगेबाबा केले.

दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन. नवस, बळी, अंगारे-धुपारे यांचा फोलपणा ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. भजन मात्र सोडले नाही. आजाऱ्याला औषध मिळणे हीच त्यांची पूजा होती. म्हणून यात्रेच्या गावची धर्मशाळा त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी उभारली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबाही गेले.

आपल्या ढाणकी भागात साप चावला की काही घरे आजही आधी मांत्रिक गाठतात. तिथे श्रद्धेवर वाद घालत बसू नका. आधी रुग्णाला दवाखान्यात पोहोचवा. घरच्यांशी बोलणे नंतर, पण गाडगेबाबांसारखे, त्यांच्यातलेच होऊन.