खोक्यातून घरी येणारी स्पोर्ट्स कार : कॉलिन चॅपमन यांची गोष्ट

नवा फोन हातात आला की तासाभरात आपण वॉलपेपर बदलतो, कव्हर चढवतो. पण आत काय आहे ते बघायची सोय नसते, कारण मागचं झाकणच चिकटवलेलं असतं. आता कल्पना करा, फोनच्या जागी अख्खी स्पोर्ट्स कार सुट्या भागांत घरी आली आणि पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन ती घरच्यांनीच जोडायची! अशा गाडीला किट कार म्हणतात. ती लोकप्रिय करणाऱ्यांमध्ये एक नाव फार मोठं आहे : लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन. ज्यांना घरी मुलांसोबत काहीतरी चाकांचं बनवायचंय, त्यांनी या माणसाचं आयुष्य जरूर समजून घ्यावं असं मला वाटतं. त्यात शिकण्यासारखं खूप आहे आणि सावध होण्यासारखंही आहे.

गॅरेजमधली सुरुवात

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमध्ये हॉर्न्सी इथे रेल्वे हॉटेल चालवायचे. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग घेतलं, म्हणजे पूल आणि इमारती उभ्या कशा राहतात त्याचं शास्त्र. त्याच काळात विमान चालवायलाही शिकले.

पहिली गाडी त्यांनी १९४८ मध्ये बनवली. जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि तिच्यावर स्वतःची बॉडी चढवली. जागा कुठली, तर मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आई-वडिलांच्या घरामागचं गॅरेज! १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली तेव्हा २५ पौंड हेझलनेच उसने दिले होते. पुढे १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं. कंपनीचा पहिला कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा घोड्यांचा तबेला.

त्रिकोणाची जादू

लोटसची किट म्हणून विकली गेलेली पहिली गाडी मार्क सिक्स. तिची चासी म्हणजे सांगाडा जेमतेम २५ किलोचा होता. हे जमलं कसं?

आइस्क्रीमच्या चार काड्या टोकांना टाचणीने जोडून चौकोन करा आणि बाजूने ढकला. तो लगेच तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून बघा. कितीही ढकला, आकार बदलत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलात तिरक्या पट्ट्या दिसतात त्या याचसाठी. चॅपमन यांनी पुलाचं हेच गणित गाडीत आणलं. बारीक नळ्या अशा जोडल्या की जाड, जड लोखंडाची गरजच उरली नाही. याला स्पेसफ्रेम म्हणतात. वजन कमी झालं की साधं इंजिनही गाडी पळवतं, वळणावर टायरवर ताण कमी येतो आणि ब्रेकलाही कमी मेहनत पडते.

किट का विकली?

मार्क सिक्सचं गिऱ्हाईक सांगाडा आणि बॉडी लोटसकडून घ्यायचं, तर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल बहुतेक वेळा साध्या फोर्डमधून काढायचं. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हनही किट म्हणून मिळायची.

यामागे टॅक्सचा हिशोब होता. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स नावाचा मोठा कर लागायचा. सुट्या भागांच्या किटवर तो नसायचा, पण अट अशी की सोबत जोडणीचं पुस्तक द्यायचं नाही. मग लोटसने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या! त्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या की गाडी तयार. मला हा किस्सा फार आवडतो. १९७३ मध्ये व्हॅट आला, परचेस टॅक्स गेला आणि किटचा मोठा फायदाही संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. ती कंपनी या घराण्यातल्या गाड्या आजही बनवते.

फॉर्म्युला वनमध्ये

आपल्या फोनचा स्क्रीन चित्रही दाखवतो आणि बोटाचा स्पर्शही ओळखतो. एका भागाकडून दोन कामं! चॅपमन यांचा विचार नेमका असाच होता. १९६२ च्या लोटस २५ मध्ये गाडीचं कवच हाच सांगाडा झाला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा होता, मागची चाकं त्याच्याच आधाराने उभी. चॅपमन यांच्या हयातीत लोटसने फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप ७ वेळा जिंकली.

पण हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. १९७० मध्ये इटलीत मोंझा इथे सरावात योखेन रिंट यांची लोटस कठड्यावर आदळली आणि ते गेले. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं तपासात आढळलं. कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचं विजेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळालं.

शेवटची वर्षंही वादाची गेली. डिलोरियन गाडीच्या प्रकल्पातल्या पैशांची चौकशी पुढे वाढली, पण १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने चॅपमन गेले होते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. लोटसचे आर्थिक व्यवहार बघणाऱ्या सहकाऱ्याला मात्र १९९२ मध्ये शिक्षा झाली.

घरी करायचं असेल तर

मी आणि माझी दोन मुलं सध्या दोन जुन्या सायकलींमधून चारचाकी पॅडलगाडी जोडतोय. त्यात चॅपमन यांच्याकडून तीन गोष्टी घेतल्या.

१. सुटं करताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढायचा. जोडताना गॅलरी उलटी बघत जायची. लोटसचीच युक्ती, फक्त कागदाऐवजी कॅमेरा.

२. फ्रेम डुगडुगली की जाड लोखंड शोधायचं नाही, तिरकी पट्टी टाकून त्रिकोण करायचा. हे आता माझा चौथीतला मुलगासुद्धा सांगतो.

३. वजन कुठेही वाचवा, पण ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये नाही. आमच्याकडे आधी ब्रेक बसतो, त्याची चाचणी होते, मगच पोरं सीटवर बसतात.

एक लक्षात ठेवा. इंजिन किंवा मोटर लावलेली गाडी नोंदणीशिवाय आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. पॅडलगाडीसुद्धा सोसायटीच्या आवारात किंवा मैदानातच चालवलेली बरी.

ब्रेक तपासायचं काम माझी सातवीतली मुलगी करते. ती हो म्हणेपर्यंत गाडी जागची हलत नाही, मी कितीही घाई केली तरी.