जोतीरावांचें चार धर्मांचें घर

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हें नवापूर तालुक्यांतील एक लहानसें गांव आहे. परंतु मोठमोठ्या शहरांस जो प्रश्न पडतो तो ह्या गांवासही चुकलेला नाहीं. २०११ सालच्या शिरगणतीप्रमाणें नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा ६९ लोक आदिवासी आहेत. त्यांपैकीं पुष्कळजण याहामोगी मातेस भजतात व महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगऱ्याची यात्रा करितात. कित्येकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे. ह्या भागांतील पेठांत वैष्णव, जैन व मुसलमान व्यापारी शेजारीं शेजारीं दुकानें मांडून बसतात. बाजारांत ह्या भेदाचें कोणास ओझें वाटत नाहीं, कारण तराजू सर्वांचा एकच असतो. अडचण घरांत येते. एकाच बापाचे दोन मुलगे दोन निराळ्या देवांस हात जोडूं लागले, म्हणजे बापाचें उत्तरकार्य कोणत्या विधीनें करावें, गांवदेवाच्या पूजेची वर्गणी धर्म बदललेल्या भावाकडे मागावी कीं नाहीं, असे तंटे उभे राहतात, व कधीं कधीं चूलही वेगळी होते.

अशा तंट्यांवर तोड काढूं पाहणाऱ्यानें महात्मा जोतीराव फुले ह्यांचें चरित्र नजरेखालून घालावें, अशी आमची शिफारस आहे. मुलींच्या शाळेचे जनक व शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत. परंतु जगांत अनेक धर्म असतांना मनुष्यानें कसें वागावें, ह्या प्रश्नाचा त्यांनीं आयुष्याच्या अखेरीस जो निकाल केला, त्याकडे लोकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. घराणें माळ्याचें, वडील गोविंदराव पुण्यास फुलांचा धंदा करीत. आई चिमणाबाई मूल लहान असतांनाच वारली. शाळेंत घातलेला मुलगा बापानें लोकांच्या चिथावणीनें शाळेंतून काढून मळ्यांत लाविला. ह्या मुलाची बुद्धि फुकट जात आहे हें ज्या दोन शेजाऱ्यांच्या ध्यानांत आलें, त्यांतील एक गफार बेग मुनशी हे मुसलमान व दुसरे लिजिट साहेब हे ख्रिस्ती. त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. माळ्याच्या पोराच्या विद्येसाठीं परधर्मी शेजाऱ्यांनीं रदबदली करावी, ही गोष्ट त्यांच्या पुढील विचारांकडे पाहतां लहान म्हणतां येत नाहीं.

मिशनच्या शाळांतून शिकलेले कांहीं तरुण त्या काळीं ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहींत. थॉमस पेन ह्या इंग्रज ग्रंथकाराचें मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनीं १८४७ च्या सुमारास वाचलें, आणि कोणताही ग्रंथ विवेकाच्या कसोटीवर घांसून पाहण्याची संवय त्यांस जडली. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. लोकांच्या दडपणामुळें बापानें दोघांसही घराबाहेर काढिलें. पुढें अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा, १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ सालीं अस्पृश्यांस आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला करणें, आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाजाची स्थापना, अशीं त्यांचीं कामें एकामागून एक झालीं. परमेश्वर एक आहे आणि भक्त व परमेश्वर ह्यांच्यामध्यें मध्यस्थाची गरज नाहीं, हें ह्या समाजाचें मुख्य सूत्र होतें.

येथें एक गोष्ट आम्ही आमच्या वाचकांपासून लपवूं इच्छीत नाहीं. जोतीराव सर्वांस गोड बोलणारे गृहस्थ नव्हते. ब्राह्मणी धर्मग्रंथांवर त्यांनीं जे प्रहार केले ते अत्यंत कडक आहेत, आणि ते वाचतांना आजही कित्येकांस झोंबतात. मूर्तिपूजा, अवतार, मुहूर्त, जपजाप्य ह्यांपैकीं कशासही त्यांनीं सूट दिली नाहीं. प्रार्थना समाज व ब्राह्मो समाज ह्या सुधारक मंडळ्यांवरही त्यांनीं टीका केली. मतभेद गिळून वरवरची एकी राखणें हा त्यांचा स्वभाव नव्हता.

परंतु मतभेद निराळा व माणसाचा हक्क निराळा, हें त्यांनीं कधीं विसरूं दिलें नाहीं. १८७५ सालीं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले असतां सनातनी मंडळींनीं त्यांच्या मिरवणुकीचा उपहास करून तिजवर दंगा घातला. वेदांचें प्रामाण्य जोतीरावांस मुळींच मान्य नव्हतें. तरीही वेदांचा झेंडा मिरविणाऱ्या त्या संन्याशाच्या मिरवणुकींत ते आपल्या अनुयायांसह चालले. १८८३ सालीं पंडिता रमाबाई विलायतेंत ख्रिस्ती झाल्या तेव्हां महाराष्ट्रांत काहूर उठलें. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नव्हते. पण १८८५ सालीं 'सत्सार' ह्या पुस्तिकेंत त्यांनीं त्या विदुषीचा पक्ष उचलून धरिला. महंमद पैगंबरांच्या गौरवपर त्यांनीं पद्यरचनाही केली.

१८८८ सालीं पक्षाघातानें जोतीरावांचें उजवें अंग लुलें पडलें. तेव्हां ते डाव्या हातानें लिहूं लागले, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांनीं पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले व १८९१ सालीं तो प्रसिद्ध झाला. प्रश्नोत्तरांच्या रूपानें लिहिलेल्या ह्या ग्रंथांत त्यांनीं एका कुटुंबाची कल्पना मांडिली आहे. घरांतील स्त्रीनें बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचून मनास पटल्यास तो धर्म घ्यावा. तिच्या नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें. मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें. मुलानें सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा. आणि ह्या सर्वांनीं एकमेकांच्या धर्माचा हेवा न करितां, आपण सर्व एकाच निर्मिकाचीं लेंकरें आहों असें समजून, एका घरांत प्रेमानें नांदावें.

जगांतील धर्मांच्या विविधतेस विचारवंतांनीं बहुधा तीन उत्तरें दिलीं आहेत. माझाच धर्म खरा व बाकीचे खोटे, हें पहिलें. माझ्या धर्मांत सत्य पूर्ण व इतरांत अपुरें, हें दुसरें. सर्व मार्ग एकाच ठिकाणीं जातात, सबब भेदाची चर्चाच नको, हें तिसरें. जोतीरावांचें उत्तर ह्या तिहींहून निराळें आहे. सर्व धर्मग्रंथ मनुष्यांनीं रचिले असून त्यांत कांहीं सत्य सांपडतें, परंतु आरंभापासून शेवटापर्यंत सर्वांस सारखें लागू पडणारें सत्य एकांतही नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे. म्हणून प्रत्येकानें वाचावें, तपासावें, आणि पटेल तें स्वीकारावें. धर्माची खरी परीक्षा माणसाच्या वर्तनावरून होते, ग्रंथाच्या नांवावरून होत नाहीं.

त्या घराचा आणखी एक विशेष आमच्या वाचकांनीं ध्यानांत आणावा. तेथें धर्म प्रथम निवडते ती बायको. ज्या काळीं नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा धर्म, ह्यांत कोणास शंकाही येत नसे, त्या काळीं जोतीरावांनीं घरांतील प्रत्येक जिवास स्वतंत्र विवेक आहे असें धरून चालण्यास सांगितलें. पुढें १८९३ सालीं शिकागो येथें सर्वधर्मपरिषद भरली व निरनिराळ्या धर्मांचे पुढारी एका व्यासपीठावर बसले. परंतु परिषद आटोपली म्हणजे प्रतिनिधि आपापल्या गांवीं जातात. घरांतल्या माणसांस रोज एका ताटाशेजारीं दुसरें ताट मांडावयाचें असतें, व म्हणून हें काम अधिक अवघड आहे.

हें घर केवळ कागदावरचें आहे, असा आक्षेप घेतां येईल. मृताचे संस्कार, लग्नें, वारसा ह्यांचें काय, असें व्यवहारी मनुष्य विचारील. ह्यांतील कांहींची वाट कायद्यानें मोकळी केलेली आहे. धर्म बदलल्यानें वारसाहक्क बुडूं नये म्हणून १८५० सालींच कायदा झाला. भिन्न धर्मीयांस आपापला धर्म न सोडतां विवाह करितां यावा अशी तरतूद १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें केली. आणि १९५० पासून राज्यघटनेनें प्रत्येकास धर्माचें स्वातंत्र्य दिलें आहे. मात्र चुलीपाशीं कायदा येऊन बसत नाहीं. भावानें भावास जेवावयास बोलवावें कीं नाहीं, हें त्या दोघांनींच ठरवावयाचें असतें.

जोतीरावांचें उत्तर सर्वांस पटेलच असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांची आपल्या ग्रंथावर पूर्ण श्रद्धा आहे त्यांस तें पचणें कठीण आहे, मग तो ग्रंथ कोणताही असो. परंतु त्यांनीं घातलेली अट मात्र कोणत्याही श्रद्धावंतास पाळतां येण्यासारखी आहे: धर्मप्रसारकानें लोभ दाखवूं नये, जातपंचायतीनें धाक घालूं नये, आणि वडिलांनीं घराचें दार लावूं नये. मन वळवावयाचें तर तें बोलून व वागून वळवावें. आपल्या भागांत दुकानदाराच्या व शिकलेल्या माणसाच्या शब्दास वजन आहे. गांवांत असा तंटा उभा राहील तेव्हां कोणत्या भावाचा देव खरा हें ठरविण्याच्या भरीस न पडतां, दोघांनाही एका पंक्तीस बसविण्यासाठीं त्यांनीं तें वजन खर्ची घालावें, इतकीच आमची त्यांस विनंति आहे.