पंडिता रमाबाई आणि दूरच्या लोकांचे दान

तुळजापुरासारख्या यात्रेच्या गावी राहणाऱ्या आम्हांस उघड्यावर रात्र काढणारी माणसे नित्य दिसतात. म्हणून परदेशातील बेघरांच्या घरांकरिता वर्गणीची गोष्ट निघाली, म्हणजे मंडळीत एक प्रश्न हटकून येतो. आपल्याच दारी गरीब असता दूरच्यांस घर का बांधून द्यावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर पंडिता रमाबाई ह्यांच्या चरित्रात सापडते, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 साली गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नीस संस्कृत शिकविले. रमाबाईही आईच्या तोंडून शिकल्या. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. दुष्काळात आईबाप व थोरली बहीण निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी बाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. 1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला. आणि 1882 साली, मनोरमा तान्ही असतानाच, वैधव्य आले. घर नसणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

1883 साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1886 साली, डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानास, त्या अमेरिकेत आल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. 1887 च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष झाले. निरनिराळ्या पंथांचे लोक त्यात होते. गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी 10 वर्षे दरसाल एकेक डॉलर देण्याचे वचन दिले. त्यांच्याही दारी गरीब होतेच. तरी ज्यांचे तोंड कधी पाहावयाचे नाही अशा विधवांस त्यांनी छप्पर दिले.

त्या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी आनंदीबाई झाली. 1890 साली सदन पुण्यास आले. 1893 साली, मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार समिती सोडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तथापि बोस्टनच्या लोकांनी मदत बंद केली नाही.

1896-97 च्या दुष्काळात बाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या व उपाशी मुलींस घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांस केडगावी नेले, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे कोणी नुसते बसून खाल्ले नाही. शेती, विणकाम, छापखाना चालला. आंधळ्यांस वाचावयास शिकविले. 1900 च्या दुष्काळानंतर सुमारे 2000 जीव तेथे राहत होते. 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूकडे गेल्या. एकुलती मनोरमा आदल्याच वर्षी वारली होती. मुक्तिसदन मात्र आजही उभे आहे.

वाचकहो, आपला जिल्हाही ह्या ऋणात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा नवी घरे बांधावयास देशोदेशींचा पैसा आला. देणाऱ्यांनी आमची गावे पाहिली नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. दारच्या गरिबाचा घास काढून दूरच्यास देऊ नये. परंतु दारच्याचे निमित्त सांगून दोघांसही रिकामे पाठवू नये. दान थोडे असो, पण नेमाने असो, आणि पहिल्या निंदेसरशी मागे न घेतले जावो. मुठीचे धान्य बाजूला काढणाऱ्या आमच्या माउलींस हे नवीन नाही. एक मूठ दारच्यासाठी आणि एक दूरच्यासाठी काढावी, अशी आमची प्रत्येक मंडळीस नम्र विनंती आहे.