मोने यांच्या डोळ्यांतला निळा रंग

जानेवारी १९२३. क्लॉद मोने तेव्हा ८२ वर्षांचे होते. पॅरिसचे नेत्रशल्यविशारद डॉ. शार्ल कुतेला यांनी त्यांच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. ही शस्त्रक्रिया मोने दहा वर्षांहून अधिक काळ टाळत आले होते.

मोने यांचा जन्म १८४० मध्ये पॅरिसला झाला. बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी समुद्रकाठी गेले. बंद खोलीत बसून निसर्ग रंगवणे त्यांना मान्य नव्हते. नदीकाठी, बर्फात, रणरणत्या उन्हात ते कॅनव्हास मांडून बसत आणि एकाच दृश्यावरचा सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा प्रकाश वेगवेगळ्या चित्रांत पकडत. १८८३ मध्ये ते जिव्हेर्नी गावी स्थायिक झाले. तिथल्या तळ्यातली कमळे पुढे जगप्रसिद्ध झाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ मध्ये झाले. डोळ्यातले भिंग वयानुसार पिवळे, मग तपकिरी होते. असे भिंग निळा प्रकाश अडवते. त्यामुळे मोने यांना रंगांमधला फरक ओळखू येईना. रंगांच्या ट्यूबवरची नावे वाचून ते काम करू लागले. त्या काळातली त्यांची काही चित्रे लाल-तपकिरी रंगांनी भरलेली आहेत. चित्रकर्ती मेरी कॅसॅट यांची अशीच शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली होती, म्हणून त्यांना धास्ती वाटे. अखेर १९२२ मध्ये उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता आणि डाव्याची नजर दहाव्या हिश्श्यावर आली होती. तेव्हा मित्र आणि माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांनी त्यांचे मन वळवले. क्लेमांसो स्वतःही डॉक्टर होते.

त्या काळी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती. जाड चष्मा लावावा लागे. शस्त्रक्रियेनंतर मोने वैतागले, कारण आता सगळे निळे दिसू लागले. पिवळा पडदा हटला, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अतिनील किरणांचे असण्याची दाट शक्यता आहे. डोळ्याचा पारदर्शक बाह्य पडदा ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी अडवतो आणि ३०० ते ४०० मधल्या बहुतेक लहरी भिंग शोषून घेते. भिंग गेले की त्यातल्या काही थेट दृष्टिपटलावर, म्हणजे रेटिनावर पोहोचतात. निळा रंग टिपणाऱ्या पेशींना त्या थोड्याफार जाणवतातही.

म्हणजे ज्या भिंगाने मोने यांची नजर अडवली, तेच त्यांच्या रेटिनाची ढाल होते.

ही ढाल कशासाठी लागते, ते पेशीच्या आत डोकावले की कळते. अतिनील किरणांपैकी ‘बी’ गटातले किरण डीएनए थेट शोषून घेतो. मग शेजारशेजारचे थायमिनचे दोन घटक एकमेकांना चिकटतात आणि जनुकाची माहिती तिथे नीट वाचता येत नाही. ‘ए’ गटातले किरण पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतात. हे रेणू डीएनएमधील ग्वानिनला बाधा आणतात. बिघडलेला तुकडा कापून नवा बसवणारी यंत्रणा पेशीत असते. मात्र बिघाड हाताबाहेर गेला, तर पी-५३ सारखी जनुके पेशीला मृत्यूचा आदेश देतात. त्वचेची पेशी मेली तर नवी येते. रेटिनातल्या प्रकाशग्राही पेशींची जागा घ्यायला कोणी नसते. त्यातच रेटिनाला ऑक्सिजनचा पुरवठा भरपूर असतो आणि तिथे सहज ऑक्सिडाइझ होणारी मेदाम्लेही पुष्कळ असतात, त्यामुळे धोका वाढतो.

मोने यांना रंगीत काचांचे निरनिराळे चष्मे देऊन पाहिले गेले. १९२५ मध्ये योग्य चष्मा मिळाला आणि त्यांनी कमळांची भव्य चित्रे पुन्हा हाती घेतली. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मात्र त्यांनी शेवटपर्यंत करू दिली नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. देशाला भेट दिलेली ती चित्रे पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजेरीत लोकांसाठी खुली झाली.

आजच्या रुग्णाला मोने यांच्यासारखी निवड करावी लागत नाही. मोतीबिंदू काढताना बसवले जाणारे कृत्रिम भिंग साधारणपणे अतिनील किरण गाळणारे असते. म्हणून भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबवू नये. लहान मुलांचे भिंग अगदी स्वच्छ असल्याने त्यातून हे किरण अधिक आत जातात, हेही ध्यानात ठेवावे. त्यांना उन्हात टोपी द्यावी. गॉगल घेताना काचेच्या काळेपणावर जाऊ नये, ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि गाळणी नसेल तर किरणांना वाट मोकळी होते. आणि सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, उघड्या डोळ्यांनी कधीही रोखून पाहू नये.