वाऱ्याला वेळापत्रक शिकवणारे गुरुजी : पोल ला कूर



देवासच्या बाजूला टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. सहलीच्या बसमधून त्या दिसल्या की मुले आम्हाला हमखास विचारतात, वारा पडला तर घरातले दिवे विझतील का? प्रश्न लहान वाटतो, पण जगभरचे वीज अभियंते आजही त्याच्यावरच डोके खपवीत आहेत. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सर्वांत आधी हाती घेतला, त्यांत डेन्मार्कमधल्या एका खेड्यातील शाळेचे गुरुजी होते. त्यांचे नाव पोल ला कूर. या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

ला कूर यांचा जन्म 13 एप्रिल 1846 रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागात एका शेतकरी घरात झाला. कोपनहेगनला त्यांनी भौतिकशास्त्र व हवामानशास्त्राचे शिक्षण घेतले. 1872 मध्ये तेथे सरकारी हवामान संस्था स्थापन झाली आणि ऐन तरुणपणी ते तिचे उपसंचालक झाले. याच काळात तारयंत्रावर त्यांनी महत्त्वाचे शोध लावले. एकाच तारेतून एका वेळी अनेक संदेश पाठवण्याची युक्ती आणि अगदी समान गतीने फिरणारे एक चाक हे त्यांतले प्रमुख. अमेरिकेत एलिशा ग्रे हेही अशाच शोधाच्या मागे होते. ला कूर यांना नाव मिळाले, पण मनासारखे यश पदरी पडले नाही.

राजधानीतली नोकरी, मान, ओळखी असे सर्व हाताशी असताना 1878 मध्ये त्यांनी अस्कोव्ह नावाच्या खेड्यातल्या लोकशाळेत शिक्षकाची जागा पत्करली. या लोकशाळा शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी होत्या. तेथे परीक्षा नसे, गुणपत्रिका नसे. ला कूर तेथे गणित व भौतिकशास्त्र इतिहासाच्या अंगाने शिकवीत. एखादा नियम सांगण्याआधी तो शोधणाऱ्या माणसापुढे कोणती अडचण होती, ते ते मुलांना सांगत. त्यांची या पद्धतीची पुस्तके पुढे डेन्मार्कमध्ये नावाजली गेली.

त्यांच्या मनात एक काळजी होती. वीज शहरांत येत होती, कारखाने शहरांत निघत होते आणि खेड्यातला तरुण गाव सोडून चालला होता. डेन्मार्ककडे त्या वेळी ना दगडी कोळशाच्या खाणी, ना मोठे धबधबे. वारा मात्र भरपूर होता. मग खेड्याला वीज वाऱ्यापासून का मिळू नये, असा विचार करून सरकारच्या मदतीने त्यांनी 1891 मध्ये शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारली. वाऱ्यापासून वीज काढणारे ते पहिले नव्हेत. 1887 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ब्लाइथ व अमेरिकेत ब्रश यांनी ती काढली होती. ला कूर यांचे मोठेपण असे की वाऱ्याचा लहरीपणा हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

पहिली अडचण वेगाची. वारा वाढला की डायनॅमो जोरात फिरे, कमी झाला की मंदावे. अशा विजेवर दिवा कसा लावणार? यासाठी त्यांनी क्रॅटोस्टॅट नावाचे साधन तयार केले. चक्कीकडून डायनॅमोकडे जाणाऱ्या पट्ट्याची ओढ वजनाने बेताची ठेवलेली असे. वाऱ्याने जास्त जोर केला की पट्टा सरके आणि जादा जोर पुढे पोहोचतच नसे. डायनॅमो एका चालीने फिरत राही. साधे वजन आणि पट्टा, पण वाऱ्याला शिस्त लागली.

दुसरी अडचण साठवणुकीची. विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू टाकीत साठवायचा आणि रात्री त्यावर दिवे लावायचे, असा मार्ग त्यांनी काढला. 1895 पासून काही वर्षे शाळेत असे दिवे जळत होते. काम धोक्याचे होते. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि शाळेच्या इमारतींच्या काचा फुटत. त्या अनेकदा नव्याने बसवाव्या लागल्या. पुढे त्यांनी हा मार्ग सोडून बॅटऱ्यांचा आधार घेतला.

पात्यांचाही त्यांनी अभ्यास केला. नळीतून पंख्याने वारा सोडून त्यात लहान नमुने ठेवले, आणि पुष्कळ पात्यांपेक्षा थोडी पण योग्य आकाराची पाती चांगली, हे दाखवून दिले.

1903 मध्ये त्यांच्या पुढाकाराने वाऱ्यावरील विजेसाठी एक संस्था निघाली. ती गावोगावी वीजघरांचे आराखडे देई. 1904 पासून अस्कोव्हला खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्री होण्याचे शिक्षण मिळू लागले. अशा वीजघरात पवनचक्की, बॅटऱ्या आणि वारा नसेल तेव्हासाठी एक इंजिन असे. वारा किती, बॅटरीत वीज किती, संध्याकाळी दिवे किती लागणार, हे पाहून काय चालवायचे ते तिथला तंत्री ठरवी.

24 एप्रिल 1908 रोजी, वयाच्या 62 व्या वर्षी ला कूर यांचे निधन झाले. 1918 पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे 120 स्थानिक वीजघरांत पवनचक्क्या होत्या व देशाची सुमारे 3 टक्के वीज त्या देत. पुढे स्वस्त इंधन आणि मोठी वीजकेंद्रे आली व चक्क्या मागे पडल्या. सारे संपले असे वाटावे, अशी ती वेळ होती. पण 1904 च्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक तरुण बसला होता. त्यानेच 1957 मध्ये गेडसर येथे 200 किलोवॅटची, थेट वीजजाळ्याला जोडलेली पवनचक्की उभी केली. गती फार वाढली की तिच्या पात्यांची टोके आपोआप वळून तिला थांबवीत.

2002 मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापुढे, समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे 80 पवनचक्क्या एकत्र उभ्या राहिल्या. त्यांची एकूण क्षमता 160 मेगावॅट. या सर्वांना एकाच नियंत्रण केंद्रातून आदेश देता येतो: आता इतकीच वीज द्या, आता थोडी राखून ठेवा. 2019 मध्ये डेन्मार्कच्या वापराच्या सुमारे 47 टक्के वीज वाऱ्यापासून आली. आपल्या देशातही पवनऊर्जा केंद्रांना हवामानाचा अंदाज घेऊन दर 15 मिनिटांचे, म्हणजे दिवसाच्या 96 तासिकांचे वेळापत्रक आधी द्यावे लागते. आपल्या मध्य प्रदेशाचे भारप्रेषण केंद्र जबलपूरला आहे. वारा पडला की दुसरीकडची वीज तेथून वाढवली जाते. म्हणून मुलांनो, वारा पडला तरी आपले दिवे चालू राहतात. अस्कोव्हचा तंत्री जे काम खिडकीतून आभाळ पाहून करी, तेच आज संगणकासमोर बसून होते.

शेवटी पालकांना व विश्वस्त मंडळाला एक विनंती. प्रयोगशाळेत एखादी परीक्षानळी फुटली तर मुलाला प्रयोगापासून दूर करू नये. सुरक्षा पाळलीच पाहिजे, ती जबाबदारी आमची. पण अस्कोव्हच्या शाळेने फुटलेल्या काचा बदलल्या आणि गुरुजींना काम पुढे करू दिले, हेही आपण लक्षात ठेवू या.