आकाशात हरवलेला मुंबईकर

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. पहिल्या महायुद्धात हिंदी तरुणाला ब्रिटिश सैन्यात अधिकारपद मिळणे जवळपास अशक्यच होते. तरीही १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झालेल्या चार हिंदी तरुणांत ते एक होते. फ्रान्सच्या आघाडीवर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ते एका आसनाचे 'डॉल्फिन' विमान चालवीत. या वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही दिले जात नसे! २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले त्यांचे विमान परतलेच नाही. तीन दिवसांनी शत्रूच्या ताब्यात त्यांनी प्राण सोडला; वय अवघे २३. जर्मनांनी दफनाच्या नोंदीत नाव चुकविले आणि थडग्याची ओळख पटण्यास युद्धानंतर काही वर्षे गेली. उत्तर फ्रान्समधील आंगार गावी ते चिरविश्रांती घेत आहेत.