स्पीकरच्या पाठीवरचा 'ओहम' होता तरी कोण?

जुना स्पीकर बॉक्स उलटा करून बघा. मागे लाल आणि काळं टर्मिनल असतं आणि शेजारी एक स्टिकर: ८ ओहम, किंवा ६, किंवा ४. कंपनीचं नाव पुसलेलं असतं, वॅट फुगवून लिहिलेले असतात (सेकंडहँड मालातल्या वॅटवर मी तरी विश्वास ठेवत नाही), पण ओहमचा आकडा बहुतेक वेळा खरा निघतो. आणि तो खरा आहे की नाही हे दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने एका मिनिटात कळतं. ज्या माणसाच्या नावाने हे माप ओळखलं जातं, त्याला स्वतःला मात्र अशी काहीच सोय नव्हती. त्याची गोष्ट आज सांगतो. मध्येमध्ये स्पीकरही उघडू.

स्पीकर कुठले, ते आधी सांगतो. मी नोकरी सॉफ्टवेअरची करतो, पण सुट्टीत हात सोल्डरिंग आयर्नकडेच जातात. मागच्या वर्षी भंगारातून आणलेले दोन स्टीरिओ बॉक्स मी मणिबेलीसाठी दुरुस्त केले. मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावरचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव हेच, १९९३ च्या पावसाळ्यात. जे गाव सोडून गेले नाहीत ते वर डोंगरावर सरकले. तिथल्या पोरांनी म्हाताऱ्या बायकांची भिली गाणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. गाणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत. ती गाणी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायची होती आणि फोनच्या स्पीकरवर ते जमत नव्हतं. जवळपास दुरुस्तीचं दुकान नाही. म्हणजे बॉक्स न्यायचे तर पक्के तपासूनच न्यायचे.

तर, जॉर्ज सायमन ओहम. जन्म १६ मार्च १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेन गावात. वडील कुलपं बनवणारे लोहार. शिक्षण जवळजवळ नाही, पण स्वतः पुस्तकं वाचून ते इतकं गणित शिकले होते की दोन्ही मुलांना घरीच शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे नावाजलेला गणिती झाला. लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकाने जॉर्जची परीक्षा घेतली आणि त्याला हे घर बर्नुली या गणितज्ञांच्या घराण्याच्या तोडीचं वाटलं.

मग १८०५ मध्ये, सोळाव्या वर्षी, जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात गेला आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आपल्याकडे जे होतं तेच झालं. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. वडील भडकले. दीड वर्षातच विद्यापीठ सुटलं आणि १८०६ मध्ये पोरगा स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झाला. तिथे राहून त्याने स्वतःच अभ्यास केला, परत आला आणि १८११ मध्ये डॉक्टरेट घेतली. त्यानंतर अनेक वर्षं कमी पगाराची मास्तरकी. १८१७ मध्ये त्याने भूमितीचं एक पुस्तक लिहून थेट प्रशियाच्या राजाला पाठवलं. राजाला ते आवडलं आणि त्याला कोलोनमधल्या जेझुइट शाळेत नोकरी मिळाली.

त्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. खरी गोष्ट इथे सुरू होते.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. (तुमच्या स्पीकरमध्येही हेच चालतं: लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं बारीक वेटोळं म्हणजे व्हॉइस कॉइल, कॉइलमधून वीज गेली की ती पुढेमागे होते आणि तिला चिकटलेला कागदी कोन हवा ढकलतो.) ओहमला प्रश्न पडला तो असा: तार लांब केली तर सुई किती कमी हलते? तेव्हा अँपिअर मोजणारा मीटर नव्हता, व्होल्ट हे माप नव्हतं, आणि रेझिस्टन्स, म्हणजे आपल्या पुस्तकातला रोध, ही कल्पनाही धड ठरलेली नव्हती. लोहाराचा मुलगा असल्याने उपकरणं तो स्वतःच बनवायचा. सुई बारीक पट्टीला टांगली आणि ती पुन्हा जागेवर आणायला पट्टी किती पिळावी लागते यावरून वीज मोजली.

१८२५ चा पहिला प्रयत्न फसला. त्याने वीज घेतली ती व्होल्टाच्या बॅटरीतून आणि ती बॅटरी मोजता मोजता मंदावायची. तार बदलेपर्यंत विजेचा दाबच बदललेला. आकडे जुळवायला त्याने लॉगरिदमचं सूत्र बसवलं, ते छापलंही, आणि ते चुकीचं निघालं. मग पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं की बॅटरी सोड आणि थर्मोकपल वापर. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड. एक टोक गरम, दुसरं थंड ठेवलं की त्यातून अगदी थोडी पण स्थिर वीज मिळते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड केला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतं तोवर आणि बर्फ वितळतो तोवर तापमान हलत नाही, म्हणून वीजही हलत नाही. १८२६ मध्ये त्याने तांब्याच्या आठ तारा घेतल्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत, आणि पुन्हा पुन्हा मोजलं. यावेळी सूत्र साधं निघालं: तारेची लांबी आणि एक ठरावीक संख्या यांची बेरीज करा आणि तिने भागा. ती ठरावीक संख्या म्हणजे तारेव्यतिरिक्त बाकीच्या सर्किटचा, वीज देणाऱ्या साधनासकटचा, रेझिस्टन्स.

मला ओहमच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. नियम लिहिणं सोपं होतं. सोर्स स्थिर नसेल तर बाकी सगळी मोजमापं खोटी बोलतात, हे कळायला त्याला वर्ष गेलं.

मणिबेलीत नेमकं हेच समोर आलं. सोलर पॅनल, बॅटरी, १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणि माझे दोन बॉक्स. दिवसा आवाज स्वच्छ, अंधार पडला की मोठ्या आवाजात फाटका. जमलेल्यांचं म्हणणं पडलं की स्पीकर फुटला. मी बॉक्सला हात न लावता गाणं चालू असतानाच बॅटरीच्या टोकांना मीटर लावला. गाणं बंद असताना १२ च्या वर दिसणारे व्होल्ट, ढोलाचा ठोका पडला की साडेदहापर्यंत खाली यायचे. बॅटरी म्हातारी झाली होती, तिच्या आतलाच रेझिस्टन्स वाढला होता. ओहमच्या सूत्रातली ती 'ठरावीक संख्या' हीच. दुसरी बॅटरी जोडली आणि फाटका आवाज गेला.

तारेची लांबीही तशीच. अंगणात बॉक्स ठेवायचे म्हणून कोणी २० मीटर बारीक वायर आणून देतं. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०३५ ओहम. जायची २० आणि यायची २० मिळून ४० मीटर, म्हणजे १.४ ओहम. बॉक्स ४ ओहमचा असेल तर जवळपास पाव शक्ती वायर गरम करण्यातच गेली. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतलीत तर हाच आकडा ०.२८ वर येतो. १३० इंची तारेसमोर वाकून बसलेल्या ओहमने जे मोजलं ते हेच.

आता बॉक्स घेताना करायची तपासणी. ॲम्प्लिफायरपासून वायर सोडवा, मीटर २०० ओहमवर लावा, टर्मिनलला टेकवा. ८ ओहमच्या बॉक्सला ६ ते ७ दिसेल, ४ वाल्याला ३ ते साडेतीन. दुकानदाराशी भांडू नका. मीटर स्थिर विजेवर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो, स्टिकरवरचा आकडा बदलत्या विजेचा असतो, तो जरा जास्तच असणार. मीटर शून्याजवळ थांबला तर कॉइल शॉर्ट आहे, असा बॉक्स ॲम्प्लिफायर जाळू शकतो. डिस्प्लेवर नुसता १ किंवा 'ओएल' आला तर तार कुठेतरी तुटली आहे. ती पुष्कळदा कॉइलमध्ये नाही, तर टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणाऱ्या लवचिक तारेत तुटते आणि एका टाक्यात जोडता येते. म्हणून 'ओएल' दिसला की लगेच बॉक्स फेकू नका, भाव करा.

ओहमचा भाव मात्र कोणी केला नाही. अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि १८२७ मध्ये आपलं पुस्तक छापलं. फ्रान्सच्या फूरिएने उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं, ओहमने तीच पद्धत विजेला लावली. त्या काळच्या बऱ्याच जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना प्रयोगांत इतकं गणित नकोच होतं. पुस्तकावर बोचरी टीका झाली. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा मावळली आणि ओहमने कोलोनची नोकरीही सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये, आठवड्याला थोडे तास गणित शिकवून. वय चाळिशीच्या आसपास, शोध जगातला एक मोठा शोध, आणि हातात धड काम नाही. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे बस्तान बसलं. कौतुक आधी बाहेरूनच आलं: १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता.

गंमत म्हणजे हाच नियम हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाला ओहमच्या कितीतरी आधी सापडला होता. मीटर म्हणून तो स्वतःचं शरीर वापरायचा, शॉक किती जोरात बसतो त्यावरून वीज ठरवायचा. पण त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं.

बहुतेक लोकांना ओहमचा एकच नियम माहीत असतो. दुसरा आवाजाचा आहे, १८४३ चा. कुठलाही गुंतागुंतीचा सूर कान सुट्या साध्या सुरांत मोडून ऐकतो, असं त्याने मांडलं. इथेही गणित फूरिएचंच. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप उघडून एक आलाप घ्या, वेगवेगळ्या उंचीचे पट्टे दिसतील. ओहमचं म्हणणं होतं की कान हेच करतो. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने सायरनवर प्रयोग करून त्याला विरोध केला, वाद रंगला आणि ओहम मागे सरला. पुढे हेल्महोल्ट्झने ही कल्पना उचलून धरली. ती जशीच्या तशी खरी नाही, कान त्याहून लबाड आहे, पण पाया म्हणून टिकली.

तुमच्या दोन-कोनी बॉक्समध्ये याच कल्पनेने काम वाटलेलं असतं. खालचे सूर मोठ्या वूफरला, वरचे छोट्या ट्वीटरला. साध्या बॉक्समध्ये ही वाटणी करतो ट्वीटरच्या वाटेत बसवलेला एक कपॅसिटर. तो खालचे सूर अडवतो, आणि स्थिर वीज तर पूर्णच अडवतो. म्हणजे मघाशी टर्मिनलवर तुम्ही जे मोजलं ते फक्त वूफरचं होतं! ट्वीटर जळालेला असला तरी मीटर ६.५ दाखवून मोकळा होईल. बॉक्स उघडून ट्वीटर वेगळा मोजावाच लागतो. माझ्या एका बॉक्समध्ये ट्वीटर ठणठणीत होता, पण कपॅसिटर वीसेक वर्षांत वाळून गेलेला. त्यावर गाणं लावलं की बाईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा, स, श, च सगळं सपाट. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, दोन्ही बाजूंनी चालणारा नवा कपॅसिटर टाकला. मणिबेलीत गाणी लागली तेव्हा पहिल्या ओळीलाच मागच्या एका आजीने गाणारीचं नाव घेतलं.

ओहमला म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राची खुर्ची मिळाली १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. तरुणपणापासून हवी होती ती हीच. ती त्याला दोन वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ ला तो म्युनिकमध्येच वारला. विजेच्या मापांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत ही सूचना १८६१ मध्ये क्लार्क आणि ब्राइट या तार-खात्यातल्या इंजिनिअरांनी केली. समुद्राखालून हजारो किलोमीटर केबल टाकायची तर तारेचा रेझिस्टन्स सगळ्या देशांत एकाच मापात बोलला जाणं गरजेचं झालं होतं. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर, कूलोम आणि फॅरड ही नावं ठरली. ट्वीटरच्या वाटेतल्या त्या वाळलेल्या कपॅसिटरवर लिहिलेला फॅरड याच यादीतला. तो मायकेल फॅरडेच्या नावाचा, आणि तोही लोहाराचाच मुलगा.